दोन विहिरी, दोन ठिपके

त्रेसष्ट साली अकोल्याच्या एसटी स्टँडवर, अमरावतीच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजचे एक सर आणि त्यांचा भूगोलाच्या एम.ए.चा विद्यार्थी उभे होते. विद्यार्थ्याच्या काखेत गुंडाळलेला नकाशा होता.

"धर्मपाल, पटकीच्या साथीच्या नकाशात एका गावाच्या पाण्याला एकच ठिपका द्यायचा असतो. तू तुझ्या गावाला दोन दिलेस."

"गावात विहिरी दोन हायेत, सर."

"इंग्रजी पुस्तकांत अशी पद्धत नाही."

"त्या पुस्तकवाल्याच्या गावात सारे एकाच नळाचं पानी पेत असतीन. आमाले वरच्या विहिरीवर कोनी चढू देत नाई. आमच्या विहिरीत गावचा नाला उतरते. पटकी आली तवा वर कोनी मेलं नाई, आमच्यात घरोघरी मयत झाली."

"वाईट झालं. पण ही जातीची गोष्ट आहे, भूगोलाची नाही."

"पानी कुठून कुठं वाहते, हे भूगोलात नाई त मंग कशात येते?"

"वाद घालू नकोस. परीक्षक पुस्तक पाहून मार्क देतात. एक ठिपका खोड."

"खोडतो."

त्यानं रांगेतच नकाशा उलगडला आणि सरांपुढे धरला.

"कोन्या विहिरीवरचा खोडू, तेवढं तुमी बोट ठेवून दाखवा."