बुजगावणं पसंत पडलं

(डिझाइन स्टुडिओचं दोन टेबलांचं छोटं ऑफिस. दुपार. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ एकाच स्क्रीनसमोर.)

धाकटा : तीन नंबर लिहिलंय, ताई. तीनच.

ताई : पुन्हा वाच. सकाळी परिषदेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या तेव्हा वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मागून तिसरा म्हणायचं असेल त्यांना.

धाकटा : चित्रच जोडलंय खाली. 'परिषदेसाठी हेच बोधचिन्ह घ्यावं, पाचपैकी चौघांची संमती.' मेल कालचा आहे. खुर्च्याच आहेत.

ताई : अरे देवा! पिंट्या, सहा वर्षं आपण प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन नमुने असेच देत आलो. एक नंबर आपल्याला हवा तो, दोन नंबर चालेल तो, आणि तीन नंबर बुजगावणं. लोकांना कशाला तरी नाही म्हणायचं असतं. त्याला नावं ठेवून झाली की एक नंबर मुकाट्याने घेतात. आजवर कुणी बुजगावण्याच्या गळ्यात माळ घातली?

धाकटा : नाही.

ताई : मग या चौघांनाच काय झालं? तंत्रज्ञानाची परिषद, दोन हजार माणसं येणार, यंत्रमानवांवर भाषणं होणार, आणि दारावर काय, तर खुर्च्या! लोकांना वाटेल फर्निचरचं प्रदर्शन आहे.

धाकटा : वरून पाहिलेल्या खुर्च्या आहेत त्या.

ताई : वरून बघा नाहीतर खालून. माझा एक नंबर काय वाईट होता? निळा गोल, त्यातून निघणाऱ्या रेषा. बघताक्षणी कळतं, तंत्रज्ञान आहे म्हणून.

धाकटा : तो गोल आपण पाण्याच्या टाक्यांच्या कंपनीलाही दिला होता.

ताई : तो निळा वेगळा होता!

धाकटा : बरं, वेगळा होता. पण मग सकाळी तू त्यांना काय सांगितलंस?

ताई : काय सांगणार? तू खाली कागद उतरवून घेत होतास, मी एकटीच होते. सांगून टाकलं की ते पान चुकून गेलंय. आमच्याकडे मदतीला एक जण असतो, त्याचा सराव आहे तो, लक्ष देऊ नका.

धाकटा : चुकून गेलंय म्हणालीस?

ताई : मग काय म्हणणार? 'ते आम्ही मुद्दाम वाईट केलंय' म्हणू?

धाकटा : आणि सराव.

ताई : शब्द सुचला तो बोलले. असा काय बघतोयस? दहा मिनिटांचं काम तुझं. नेहमी दहाच मिनिटं लावतोस की.

धाकटा : नेहमी दहा. याला आठ दिवस लागले.

ताई : कशाला?

धाकटा : याला.

ताई : बुजगावण्याला आठ दिवस? वाईट करायला? मला काही कळत नाहीये, पिंट्या. तू वाईट करताना चुकलास, की चांगलं करताना?

धाकटा : तुझा फोन वाजतोय.

ताई : त्याच आहेत. थांब, स्पीकरवर टाकते. तू मध्ये बोलू नकोस. हं, बोला मॅडम.

संयोजिका : अहो, मी पार गोंधळून गेलेय. तुम्ही म्हणालात तीन नंबर चुकून आला. मी तसं समितीला कळवलं. अध्यक्ष म्हणाले, छान, मग निळा गोल घ्या. आता बाकीचे चौघे माझ्यावर उखडलेत. म्हणतात, चुकून आलेलं इतकं नेटकं कसं असेल?

ताई : नाही, म्हणजे, होतं असं कधी कधी.

संयोजिका : आणि ते नक्की आहे तरी काय? एक जण म्हणतो कीबोर्डची बटणं आहेत. अध्यक्षांना दात दिसले. मला शाळेचा वर्ग वाटला, पण दोन मुलं का वळून बसलीत ते कळेना. तुम्हीच सांगा, ती दोन का वळलीत?

ताई : ती दोन... ते असं आहे, मॅडम... म्हणजे त्यात एक विचार आहे...

संयोजिका : कोणता?

ताई : ज्याने केलंय तो इथेच आहे. त्यालाच विचारा.

धाकटा : मी?

ताई : बोल ना. माझ्याकडे काय बघतोस, फोनकडे बघ.

धाकटा : नमस्कार मॅडम. त्या खुर्च्या आहेत. मागच्या वर्षी तुमच्या परिषदेत फलक लावायला मी आलो होतो, तर दुपारभर मागच्या रांगेत बसून राहिलो. मंचावर मोठमोठी भाषणं चालली होती आणि निम्मी माणसं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मग चहाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले, पण दोघं तिथेच थांबले. ओळख नसावी त्यांची, कारण आधी एकमेकांच्या गळ्यातली कार्डं वाचली. मग खुर्च्या समोरासमोर वळवल्या आणि बिस्किटांच्या खोक्यावर पेनने काहीतरी काढत बसले. एक काढायचा, दुसरा खोडायचा. चांगला अर्धा तास. मला वाटलं, परिषद झाली ती तेवढीच. बाकी सगळ्या खुर्च्या मंचाकडे आणि त्या दोन एकमेकींकडे.

संयोजिका : अच्छा.

धाकटा : प्रत्येक फलकावर वेगळ्या दोन वळल्यात. आणि गळ्यातल्या कार्डावर एकच खुर्ची, कुणाची डावीकडे बघणारी, कुणाची उजवीकडे. दोन माणसं शेजारी उभी राहिली की...

संयोजिका : की त्यांच्या खुर्च्या समोरासमोर. हे समितीला कुणी सांगितलंच नाही हो!

ताई : मलाही आत्ताच कळतंय, मॅडम.

संयोजिका : म्हणजे? मग सकाळी सराव म्हणालात तो?

ताई : ते मी खोटं बोलले. नीट बघितलंच नव्हतं मी. माझी चूक आहे.

संयोजिका : हे बघा, अध्यक्षांनी गोल छापायला द्या म्हणून सांगितलंय. मी संध्याकाळपर्यंत थांबवू शकते, त्यापुढे नाही. चार वाजता समिती बसतेय. ज्याने हे केलंय त्याने येऊन असंच सांगावं. घेतील की नाही, सांगता येत नाही. अध्यक्षांच्या डोक्यात एकदा दात बसलेत.

ताई : येईल तो. चारच्या आत येईल. ठेवते.

धाकटा : येईल काय परस्पर? मी कधी कुणापुढे बोललोय? आणि चुकून गेलेली वस्तू परत न्यायची, ते हसतील.

ताई : हसतील तर मला हसतील. ते राहू दे. तू मला का नाही सांगितलंस? आठ दिवस माझ्यासमोर बसून करत होतास, या इथे, हाताच्या अंतरावर!

धाकटा : काय सांगणार? तीन नंबर तुझ्याकडे आणला की तू एकच विचारतेस, 'झालं का वाईट?' मी म्हणतो झालं. तू न बघता फायलीत टाकतेस. सहा वर्षं.

ताई : याही वेळी विचारलं मी तसंच?

धाकटा : याही वेळी.

ताई : आणि तू झालं म्हणालास.

धाकटा : म्हणालो.

ताई : मला खरंच काही सुचत नाहीये रे. रडू येतंय की राग, तेही कळत नाही. माझा गोल चांगला की तुझ्या खुर्च्या, सकाळी विचारलं असतंस तर डोळे मिटून सांगितलं असतं. आता तो गोल बघितला की टाकीच दिसते.

धाकटा : जाऊ दे, ताई.

ताई : जाऊ कशी देऊ? चार वाजता त्या लोकांपुढे तुझ्या शेजारी उभं राहायचंय मला. आता नीट विचारते, नीट उत्तर दे. चांगलं आहे का ते?

धाकटा : माहीत नाही गं. तेच तर कुणालातरी विचारायचं होतं.