शाळेतून परस्पर

(वडगाव, बेळगाव. १९४६ सालातली एक दुपार. विणकर यमनाप्पाच्या घराची ओसरी. त्याच्या पुढच्या खोलीत सात वर्षं भाड्यानं राहणारे जर्मन ज्यू डॉक्टर आशर हातात दोन पत्रं घेऊन बसले आहेत; त्यातलं एक, लढाईत पोरकी झालेली ज्यू मुलं नातेवाइकांकडे पोचवणाऱ्या कमिटीचं, ते वाचून दाखवत आहेत.)

यमनाप्पा : थांबा डाक्टर, ते परत वाचा. शाळेतनं, म्हंजे?

डॉक्टर : ‘मुलीला आम्ही शाळेतून परस्पर ताब्यात घेऊ आणि मोटारीने बंदरावर नेऊ. जहाजावर आमची परिचारिका सोबत असेल. निरोपाचा प्रसंग टाळणे सर्वांच्या हिताचे ठरते, असा आमचा अनुभव आहे.’ खाली माझी सही हवी आहे.

यमनाप्पा : परस्पर. जिनं पोरगी सांभाळली त्या नेलबाईला न सांगता?

डॉक्टर : तिला नंतर पत्राने कळवतील.

यमनाप्पा : आनि तुमी सही करनार.

डॉक्टर : मी पिता आहे, यमनाप्पा. माझ्या कन्येस मी सात वर्षे पाहिलेले नाही.

यमनाप्पा : कन्येस. कोथिंबिरीची जुडी मागताना बी तुमी असंच बोलताय. भाजीवाली अक्काताई हसून लोळती. मास्तरानं मराठी शिकवली का पोथी?

डॉक्टर : विषय बदलू नका.

यमनाप्पा : न्हाय बदलत. त्या कमिटीचं वाचलं तुमी. दुसरं पत्र मुठीत धरून बसलाय, ते कुनाचं?

डॉक्टर : नेलबाईचे.

यमनाप्पा : मग ते आधी वाचायचं.

डॉक्टर : डच भाषेत आहे. मला अर्धे समजते.

यमनाप्पा : मला अर्धंच सांगा.

डॉक्टर : ती लिहिते, ‘तुमची पत्नी एके संध्याकाळी आली आणि परसातल्या भिंतीवरून मुलगी माझ्या हातात देऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना जर्मन शिपाई घेऊन गेले. मी सगळ्यांना सांगितले, ही माझ्या बहिणीची मुलगी.’

यमनाप्पा : शेजारीन ना ती?

डॉक्टर : भिंतीला भिंत. त्या डच गावात मी कधी गेलो नाही. मी आधी हिंदुस्थानात आलो, पत्नी एल्झे आणि कन्या एडिथ तिथे थांबून मागून येणार होत्या. कागद तयार व्हायचे होते. मग लढाई सुरू झाली.

यमनाप्पा : ते म्हाईत हाय मला. फुडं वाचा.

डॉक्टर : ‘तीन वर्षे मी तिला खिडकीपाशी बसू दिले नाही. दारात मोटार थांबली की ती आपण होऊन जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत जाऊन बसे. अजूनही जाते. लढाई संपली, हे मी तिला पुष्कळदा सांगितले आहे.’

यमनाप्पा : मोटार थांबली की.

डॉक्टर : होय.

यमनाप्पा : आनि तुमची मानसं मोटार घिऊनच शाळेत जानार.

डॉक्टर : ती चांगली माणसे आहेत.

यमनाप्पा : असतील. पोरीला काय म्हाईत? वळख ना पाळख, चार मानसं येनार आनि उचलून नेनार. ह्येच्यापासनंच तर नेलबाईनं तिला लपवली.

डॉक्टर : शेवटी तिने लिहिले आहे, ‘एडिथ मला आई म्हणते. तुम्ही मागितलीत तर मी नाही म्हणणार नाही.’ इतकेच. एक रागाचा शब्द नाही. म्हणून मला ही कमिटी बरी वाटली. तिथे गेलो आणि त्या बाईचा चेहरा पाहिला, तर माझ्याने मुलगी आणवणार नाही.

यमनाप्पा : मीबी म्हनूनच कंग्राळीला भर दुपारचा गेलतो.

डॉक्टर : कंग्राळीला? कधी?

यमनाप्पा : अठ्ठावीस वर्सं झाली त्या साथीला. मानमोडी आलती. आमची चंद्राबाई निजल्या जाग्यावरनं उठंना. पोरगा भरमू सा म्हैन्यांचा. गल्लीत समोर जयाबाई ऱ्हायची. तिचं तान्हं साथीत गेलतं, अंगावर दूध व्हतं. चंद्राबाईनं भरमूला तिच्या वटीत घातला. ती घिऊन म्हायेरला गेली, कंग्राळीला. साथ नव्हती तिकडं.

डॉक्टर : सात वर्षांत हे तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

यमनाप्पा : चंद्राबाई असताना ह्या घरात ते नाव काढायची सोय नव्हती. दोन वर्सं सांभाळला तिनं. मग मी गेलो. ती रानात भांगलायला गेलती, ते बघूनच गेलो. तिच्या म्हाताऱ्या आईला म्हनालो, पोराला जरा फिरवून आनतो. गाडीत घातला आनि बैलं हाकलली.

डॉक्टर : मग?

यमनाप्पा : बांधावरनं बघितलं तिनं. खुरपं घिऊनच धावत आली. गाडीमागं लई लांबवर आली. मी वळून बघितलं न्हाय. मला वाटलं, रडारड चुकली. बेस झालं.

डॉक्टर : पण मुलगा तर मिळाला.

यमनाप्पा : मिळाला की. म्हैनाभर उंबऱ्यात बसून ऱ्हायचा, चंद्राबाईच्या हातचं खाईना. मग खाल्लं. वाढला, लगीन झालं. निपाणीला तंबाकूच्या वखारीत हाय. सनाला येतोय. पर आधी कंग्राळीला उतरतोय, मग हितं. वाटंवर पडतंय म्हनतो.

डॉक्टर : पडते ना वाटेवर?

यमनाप्पा : पडतंय. एकदा तितनंच माघारी गेला.

डॉक्टर : चंद्राबाई काय म्हणत?

यमनाप्पा : काय बी न्हाय. तीन म्हैन्यांमागं, जायच्या आदल्या दिशी म्हनाली, जयाबाईला इचारायला पायजे व्हतं. मी म्हनालो, इचारलं असतं तर दिला नसता. म्हनाली, दिला असता. तिच्या हातनं घ्यायचा व्हता.

डॉक्टर : आणि जयाबाई?

यमनाप्पा : चंद्राबाईच्या मातीला आलती. लांब हुबी ऱ्हायली. भरमू तिच्याजवळ जाऊन रडला. मी हितं एकला हुबा.

डॉक्टर : समजा, मी गेलो. आणि एडिथने त्या बाईचा हात सोडलाच नाही, तर?

यमनाप्पा : तर तितंच ऱ्हावा.

डॉक्टर : म्हणजे बेळगावला परत न येणे.

यमनाप्पा : व्हय.

डॉक्टर : माझा दवाखाना आहे.

यमनाप्पा : बेळगावात डाक्टर लई हाईत.

डॉक्टर : आणि तुम्ही?

यमनाप्पा : मला काय झालंय?

डॉक्टर : चंद्राबाई गेल्यापासून मी ताटावर बसलो तरच तुम्ही जेवता. एरवी भाकरी झाकून ठेवता. मला दिसते.

यमनाप्पा : दिसतंय तर गप बसायचं.

डॉक्टर : एडिथ येणार म्हणून तुम्ही माझ्या खोलीला चुना लावलात. बाज नव्या सुंभाने विणलीत. तुम्हालाही ती इथे हवी आहे.

यमनाप्पा : पायजेच की. घरात कुनाचा आवाज न्हाय, डाक्टर. माग थांबला की कानात नुसतं गुंईं करतंय. म्हनून काय तिला शाळेतनं उचलून आनायची?

डॉक्टर : कागद द्या. आणि ती दौत इकडे सरकवा.

यमनाप्पा : ह्यो घ्या. त्या कमिटीला?

डॉक्टर : त्यांना उद्या नकार कळवतो. आधी नेलबाईला. पण मला डच लिहिता येत नाही. आणि जर्मन भाषेतला कागद त्या घरात पाठवायला हात धजत नाही.

यमनाप्पा : इंग्रजीत लिवा. कुनीतरी वाचून दावंल.

डॉक्टर : लिहितो. ‘मी एडिथला भेटण्यासाठी येत आहे...’

यमनाप्पा : असं नगा लिवू. येऊ का, म्हनून इचारा.

डॉक्टर : उत्तर यायला दोन महिने लागतील, यमनाप्पा.

यमनाप्पा : लागू द्या. दोन म्हैनं तर हितं हाय की तुमी.