साक्षीदार हजर

धायरीहून निघालेल्या बसमध्ये नीरजाच्या पुढच्या सीटवर दोन पेन्शनर बसले होते. त्यांचे आवाज इतके खणखणीत, की तिने कानातलं गाणं मुकाट्यानं बंद केलं.

“सकाळी सकाळी कोर्टात कशाला, दिगंबरराव?”

“बॉम्बच्या खटल्यातल्या त्या परदेशी माणसाला ओळखायला. माझ्या शेजारी भाड्यानं राहायचा ना!”

“अहो, त्याला सरकारनं गेल्या महिन्यातच मायदेशी पाठवून दिलं! पेपरात आलंय.”

“मला समन्स काल आलंय.”

“मग ओळखणार कोणाला? आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्याला?”

“ओळखेन की. पण मी गेलो नाही, तर कोर्टाच्या रोजनाम्यात ‘साक्षीदार गैरहजर’ असा शेरा लागेल आणि खटला बुडाला माझ्यामुळे! चाळीस वर्षं कारकुनी केलीय, संभाजीराव. खापर फोडायला असेच बळीचे बकरे शोधायचो आम्ही.”

“आणि गेलात तर?”

“तर लिहावं लागेल, साक्षीदार हजर, आरोपी नाही. मग मी अर्ज देणार, खटला उभा असताना त्याला कोणाच्या सहीनं पाठवलं?”

“उत्तर देतील?”

“आज नाही देणार. पुढची तारीख देतील.”

“पुन्हा जाल?”

“जाईन की. मला कुठं विमान गाठायचंय?”