आधी डागी संपवा

...आणि वर तुम्ही मलाच म्हणता, बाई गं, तुझी काय मजा, पावसला घर, दारात हापूसची बाग, मे महिन्यात नुसती चंगळ असेल. चंगळ. तुम्हाला सांगते, हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला तर त्याच्याही चार फोडी करून, डाग काढून, मगच ताटलीत वाढतील. तुम्ही मुंबई-पुण्याची माणसं डझनाने विकत घेता, घरी नेता, उघडता आणि त्यातला सगळ्यात देखणा आंबा उचलून खाता. आणि आम्ही? आम्ही बागायतदार. आमच्याकडे एक कायदा आहे. पार्लमेंटात झालेला नाही, आमच्या मोठ्या काकांनी, रावजीकाकांनी, केलेला आहे, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी केला होता, आणि तो तीन शब्दांचा आहे. आधी डागी संपवा.

म्हणजे काय, ते सांगते. पेंढ्यात आंब्यांची आढी लावलेली असते. रोज सकाळी काका आढीशी उकिडवे बसतात, एकेक आंबा उचलतात, हुंगतात, कानाशी धरतात... कानाशी का धरतात देव जाणे, आंबा काही बोलत असेल तर तो त्यांच्याशीच. आणि मग दोन ढीग. चांगले परत पेंढ्यात. ज्याला काळा ठिपका पडलाय, देठाशी मऊ झालाय, ते टोपलीत. टोपली यमुनाकाकूंकडे, काकूंच्या पुढ्यात विळी, डाग कापून गेला की उरेल ती फोड आमची. दुसऱ्या दिवशी पुन्हा काका आढीशी. काल जे चांगले होते त्यांतले सहा रात्रीतून डागले. मग? आधी डागी संपवा. तिसऱ्या दिवशी आणखी सहा. असा पंधरा एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमचा हंगाम चालतो, आणि त्या अख्ख्या हंगामात चांगला आंबा आम्ही फक्त लांबून बघतो. नवरा मुलगी बघायला येतो ना, तसा. हात लावायचा नाही.

मी इंटरला लॉजिकमध्ये कॉलेजात पहिली आले होते. मला हे सहन होईल? मी काकांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "काका, रोज सहा डागतात आणि रोज आपण सहा खातो. एकच दिवस, फक्त एक दिवस, डागी गुरांना घाला आणि चांगले खा."

"गुरांना? हापूस?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुरांना काकूच घालायला सांगितली असावी.

"बरं, राहू दे. पण एक दिवस चांगले खाऊन तर बघा."

"खाल्ले. मग दुसऱ्या दिवशी सहा डागतील ना गो?"

"डागतील."

"मग ते कोण खाणार?"

  माझं सगळं लॉजिक त्या एका प्रश्नापुढे पेंढ्यात जाऊन झोपलं. काकू विळीवरून म्हणाल्या, "मालन, बी.ए. झालीस ना, मग मुकाट्याने फोड खा." त्यांनी चाळीस वर्षांत अख्खा, चांगला हापूस दोनदा खाल्लाय. दोन्ही वेळा मुंबईला, पाहुणी म्हणून गेल्या होत्या तेव्हा. आमच्या आंब्याची खरी चव बघायची तर बोटीचं तिकीट काढावं लागतं.

माझं एक वेळ सोडा. मी मोठी झालेय, माझ्या अपेक्षाही कापून, डाग काढून झाल्यात. पण यंदा मे महिन्याच्या सुट्टीत दादाची मुलं आली. दादा मुंबईला नोकरीत, त्याला रजा नाही. वहिनी आणि दोन पोरं बोटीने आली. धाकू सात वर्षांचा, पणजोबांचं नाव ठेवलंय म्हणून धाकू, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. आणि चिमा, साडेचार वर्षांची. ही चिमा बंदरावर उतरली ती माझा पदर धरून, आणि पहिलं वाक्य काय? "आत्या, मला एक अख्खा आंबा हवा." कशी आहेस नाही, बोट लागली नाही, एक अख्खा आंबा. चाळीत म्हणे तिच्या मैत्रिणीने विचारलं होतं, तुझ्या गावाला आंबे असतात ना, तू अख्खा खातेस? आणि ही खोटं बोलून बसली होती, हो म्हणून. आता ते खरं करायला आली होती. मी तिथंच, बंदरावर, शब्द दिला. म्हटलं, चिमे, देते. चोवीस मेची परतीची बोट. हातात तीन आठवडे. बाग आपली, झाडं आपली, एक आंबा. त्यात काय मोठंसं?

मला अक्कल नव्हती, एवढंच.

पहिल्या दिवशी काकांनी नातवंडांना मांडीवर घेतलं, मुके घेतले, डोळ्यांत पाणी आणलं. सगळं खरं होतं हो, काका वाईट नाहीत, वाईट असते तर सोपं गेलं असतं. आणि मग ताटली आली. चार फोडी. एकीला कोपरा नाही, एक मधूनच कोरलेली, दोन तर नुसती सालंच. चिमाने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. म्हटलं, "काका, पोरगी मुंबईहून आलीय, एक अख्खा द्या तिला."

"देऊ की. न द्यायला काय झालं? सगळं त्यांचंच आहे. आधी डागी संपवा."

वहिनी काही बोलली का? वहिनी सून. आमच्याकडच्या सुना काकांसमोर पाणीसुद्धा खुणेने मागतात.

"आणि एवढीच हौस असेल," काका म्हणाले, "तर रायवळ आहेत, चोखू दे हवे तेवढे." रायवळ. अहो, रायवळ खायला कोण बोटीत ओकाऱ्या काढत येईल?

मग मी दुसरी युक्ती केली. पाहुण्यांसमोर आमच्याकडे चांगला आंबा निघतो, हे मला ठाऊक होतं. म्हटलं पाहुणा आणावा, त्याच्या पंक्तीला पोरं बसवावीत. माझ्या मैत्रिणीचे वडील रत्नागिरीला वकील, त्यांना निरोप धाडला, बाग बघायला या. आले बिचारे, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, धूळ खात. काकांनी स्वतः आढीत हात घातला आणि असे दोन आंबे काढले, असे, की मला माहीतच नव्हतं आमच्या घरात असे पाहुणे राहतात. केशरी, वास माजघरापर्यंत. काकूंनी चिरले. पण पोरं? "पोरं आत. पाहुण्यांच्या ताटाकडे बघू नये." धाकू आणि चिमा दाराच्या फटीतून बघतायत, वरच्या फटीतून धाकू, खालच्या फटीतून चिमा, आणि वकीलसाहेब एक फोड खातात, दुसरी खातात आणि हात आवरतात. म्हणे, "रावजीराव, क्षमा करा, मला मधुमेह."

दीड आंबा ताटलीत तसाच. मी म्हटलं, चला, काम झालं. पाहुणे पायऱ्या उतरतात न उतरतात तोच मी ताटलीला हात घातला.

"अगो, उष्टं ते," काका म्हणाले. "पोरांना उष्टं देतात होय?"

आणि ती ताटली भागोजीने, आमच्या बागेतल्या गड्याने, नेऊन वासरापुढे ठेवली. तुम्हाला सांगते, त्या घरात यंदा उत्तम हापूस कुणी खाल्ला असेल तर त्या वासराने. चिमा दुसऱ्या दिवसापासून त्या वासराशी बोलेना.

दोन आठवडे गेले. रोज टोपली, रोज विळी, रोज आधी डागी संपवा. चिमा आता मागेनाशी झाली, ते मला जास्त लागत होतं. नुसती ताटली आली की फोडी मोजायची आणि खाली बघून खायची. आणि मग एका दुपारी सगळे वामकुक्षीला पडलेले असताना मी आढीच्या खोलीत गेले, चोरायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू, तर तिथं धाकू आधीच. उकिडवा बसलेला, अगदी काकांसारखा. हातात एक गोमटा आंबा, आणि त्यावर अंगठा दाबून धरलेला.

"काय करतोस रे?"

"आत्या, चांगला आंबा मिळत नाही. वाईट झाला की मिळतो." अगदी शांतपणे. "म्हणून मी चांगल्यातला चांगला निवडून वाईट करतो."

आता आत्या म्हणून मी काय करायला हवं होतं? कान धरायला हवा होता. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचार केला होता. मला इंटरच्या सगळ्या वर्गात असा मुलगा भेटला नव्हता. मी दार लोटलं, खाली बसले आणि म्हटलं, "मधे नको, देठाशी दाब. कमी कापला जातो." मग चिमाही आली. तिघं मिळून बसलो. हळूहळू मोठी मजा वाटायला लागली आणि... किती दाबले याचं भान राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आढीशी बसले ते उठेचनात. चाळीस आंबे डागी. काका पांढरे पडले. "साथ आली," म्हणाले. "यमुने, देठकूज आली." आयुष्यात काकूंना कुणासमोर नावाने हाक मारली नव्हती, ती मारली. त्यांनी लगोलग सगळे चांगले आंबे उचलून वरच्या खोलीत नेले, नवा पेंढा, दाराला कुलूप, किल्ली कडोस्त्रीला. शेतकी खात्याच्या साहेबांना पत्र लिहायला बसले. भागोजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मालनबाय, ह्यो रोग नाय. ह्यो आंगठा हाय. आनि ल्हान पोराचा हाय." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "दोनचार मोठ्या मानसाचंबी हायत."

बोटीला चार दिवस उरले होते. मी म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही, सगळं सांगून टाकू. म्हातारा आधी चिडेल, मग हसेल, पोरांना जवळ घेईल, आणि किल्ली काढेल. असं होतं ना गोष्टींत? मी जाऊन सांगितलं. "काका, रोग नाही. मुलांनी दाबलेत. मीही दाबलेत. एक अख्खा आंबा मिळत नाही म्हणून."

काकांनी लिहायला घेतलेलं पत्र फाडलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, विरघळले.

"म्हणजे हे डागी मुलांनी केले?"

"हो, काका."

"मग मुलांनीच संपवायला हवेत."

चाळीस. चार दिवसांत. सकाळी आंबा, दुपारी आंबा, दूध नको आंबा, भात नको आंबा. धाकूच्या पोटात मुरड आली. चिमाच्या गालावर गळवं उठली. आणि चोवीस तारीख उजाडली. माझा शब्द तसाच.

पण त्या सकाळी काय झालं, काकांनी स्वतः वरची खोली उघडली. तासभर एकटेच आत. बाहेर आले ते दोन डझन आंबे घेऊन, आणि असे आंबे, की वकीलसाहेबांचे दोन त्यांच्यापुढे गडीमाणसं वाटावीत. एकेक पेंढ्यात निजवला, पेटी ठोकली, चिमाला म्हणाले, "ही तुझी हो. एकाला डाग निघाला तर आजोबांचं नाव बदल." पोरगी काय हसली म्हणून सांगू. बंदरावर पेटीवरच बसून राहिली, उतरायला तयार नाही. मी म्हटलं, "काका, एक आत्ता काढून देऊ या?" तर म्हणे, "खुळी की काय? पेटी फोडली की वारा लागतो. मुंबईला पोचेपर्यंत सगळे डागतील." बरं, म्हटलं, उद्या खाईल, मुंबईत का होईना, अख्खा खाईल. काकूंनीही अख्खे दोन मुंबईतच खाल्ले होते. बोट सुटली. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

आठ दिवसांनी दादाचं कार्ड आलं. काका ओसरीवर मोठ्याने वाचायला लागले. "तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. पेटी सुखरूप पोचली. उष्म्याने तीन-चार आंबे डागले होते, ते आधी कापून मुलांना दिले. बाकी उत्तम निघाले, ते साहेबांकडे, घरमालकांकडे व शेजारी वाटले. सर्वांनी वाखाणले. चिमाही खूश आहे. म्हणाली, अगदी आजोबांच्या घरच्यासारखाच लागतो."

काकांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. डोळे भरून आले हो त्यांचे, खरंच. म्हणाले, "बघ गो मालन, एवढीशी पोर, पण चव बरोबर ओळखली."

मी म्हटलं, ओळखणारच. तुम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलीत.

आता पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा येईल. मी काहीही करून, कुलूप फोडून, एक अख्खा, चांगला आंबा तिच्या हातात ठेवणार, हे ठरलेलं आहे. भीती एकच वाटते. नाही आवडला तर?