मी गप्प होते त्या दिवशी

...आणि वर मलाच म्हणतात, "तू गप्प बसलीस म्हणून झालं हे." आता लग्न होऊन आल्यापासून "जरा गप्प बस" हेच ऐकतेय ना मी या घरात? आणि ज्या एका दिवशी खरंच गप्प बसले, त्या दिवसाचं खापर माझ्याच डोक्यावर. तुम्हाला सांगते, मी एक शब्द बोलले नाही. एक शब्द नाही.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल, बाई भरकटली. आमची लेक पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिला करायची पीएचडी. विषय काय, तर नळाच्या पाइपात आतून बुळबुळीत धरतं ना, ते. मी म्हटलं, अगं, ते घासून टाकायचं असतं, त्यावर वर्षानुवर्षं काय बसतेस? पण ते बुळबुळीत वाढवायच्या तिच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, देवाच्या फोटोला खेटून, आणि सकाळी उठून ती आधी बाटल्या बघणार, मग देव. देवाने कधी मनावर घेतलं नाही हो. मनावर घेतलं ते माणसांनी.

कारण मार्क. कॉलेजात जेमतेम सेकंड क्लास. डोकं नाही असं नाही, पण पेपरातला एखादाच प्रश्न आवडायचा तिला, त्यातच रमायची आणि बाकीचे कोरे! मोठे दीर आले की चहा ढवळत, "सेकंड क्लासचं इंजिन, त्याला डबे तरी किती जोडणार?" आमचे हे पेपराआडून, "नोकरी चाललीय ना? मग झालं." आणि ती हसायची. ते हसणं मला बघवायचं नाही.

अशात विद्यापीठातल्या तिच्या मॅडमचा निरोप आला. पीएचडीची एक जागा आहे, तुझे मार्क बघितले, बघून बाजूला ठेवले, गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळव. मी मनातल्या मनात देवाला बोलले, गुरुवारी उठल्यापासून दिवा लावेपर्यंत मौन धरीन, लिहूनसुद्धा काही सांगणार नाही, पण माझ्या पोरीला मार्ग दाखव. घरात सांगितलं नाही. सांगितलं की फळ जातं.

दुपारी ती अर्धी रजा टाकून आली. मी मटार सोलत होते. समोर बसली, दाणे चिवडत म्हणाली, "आई, माझ्या मार्कांचं मला ठाऊक आहे. बाबांना विचारलं, काकांना विचारलं. आता तू सांग. तू हो म्हणालीस तर मी जाते."

बघा, या घरात मला भाजी सोडून कुणी काही विचारलं, ते तेव्हाच. आणि मी एक शब्द बोलले नाही.

काय करणार? घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हणजे थांब गं, दिवा लागू दे, मग बोलते. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "वेळ निघून गेली म्हणतेस ना? मलाही तसंच वाटत होतं." मी धडपडत उठले, मटार सगळे फरशीवर, तोवर तिने खोलीचं दार लावून घेतलं. आतून आवाज, "नाही मॅडम... हो, घरचेही तेच म्हणतात."

घरचेही! मी दारावर हात ठेवून उभी. तोंड उघडलं की व्रत मोडणार, व्रत मोडलं की तिचंच वाईट होणार... काय सांगू तुम्हाला, एक शब्द फुटला नाही.

दिवा लावला आणि हात जोडायच्या आधी म्हटलं, "जा गं बाळा, जा तू." तिने लगेच फोन लावला. पण मॅडमची संध्याकाळ ऑफिस बंद झालं की होते, आणि माझी दिवा लावल्यावर. जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन झाली होती. मी व्रताचं सांगितलं, तर उलट माझीच पाठ चोळत म्हणाली, "जाऊ दे, आई. मार्क तरी कुठे होते?"

तेव्हापासून ती काही विचारत नाही. कामावर जाते, येते, बाटल्यांमधलं पाणी बदलते. बदलते हं अजून, टाकून दिल्या नाहीत. मौन काही घरातून गेलं नाही बघा, माझं सुटलं आणि तिने धरलं.

पुढच्या वर्षी परत जागा निघते म्हणतात. म्हणून आता नवं व्रत धरलंय, दिवसभर बोलत राहायचं. हे वैतागलेत, "हे व्रत तुझं की आमचं?" वैतागू देत. ती परत विचारेल तेव्हा निदान माझं तोंड उघडं असेल.