तीन मडक्यांतली पेज

पार्बताबाई : फडकं सोडा, चिंतामणराव. आपल्या हातानं सोडा अन् वास घ्या.

चिंतामण : पार्बताबाई, तुम्ही सुईण, मी या दवाखान्यातला औषधं देणारा. तांदळाच्या पेजेचे वास घेणं माझं काम नव्हे.

पार्बताबाई : तीन दिवसांखाली तुमीच तं हो म्हणले! एकाच चुलीवरची पेज, उकळती भरली, वरून फडकं बांधून निवू देली. पयल्या मडक्यात काहीच बुडवलं नाई. दुसऱ्यात तुमची एक सुरी, तुमच्यादेखत उकळून. तिसऱ्यात कपाटातली, न उकळता तशीच.

चिंतामण : बरं बघू... पहिलं ठीक आहे. दुसरंही चांगलं. तिसरं... शी! आंबलंय हो हे.

पार्बताबाई : अन् वरतं बुरशी. नीट पाहा.

चिंतामण : पण ती सुरी तर उकळलेलीच होती! वाळलेलं रक्त निघावं म्हणून डॉक्टरसाहेबांनी स्वतः उकळवली, धुतलेल्या कापडात गुंडाळली, सागवानी कपाटात कुलूप लावून ठेवली.

पार्बताबाई : कवा?

चिंतामण : संक्रांतीच्या आधी.

पार्बताबाई : अन् आता होळी होऊन गेली. कुलपानं चोर बाहेर राह्यते, हवा नाई राहत. म्या घरी बारा खेपा पाह्यलं. उकळेल पातं कोरड्या फडक्यात तीन दिवस टिकते. आठव्या दिवशी कधी टिकते, कधी नाई. फडकं ओलं राह्यलं तं दुसऱ्याच दिवशी गेलं.

चिंतामण : साहेब दुपारी अकोल्याहून येतील आणि शेषरावाची दोन बोटं कापतील. तिकडे अमेरिकेत लढाई, म्हणून इथे कापसाला सोन्याचा भाव. गाठी दाबणाऱ्यांना श्वास घ्यायची फुरसत नाही. दाबयंत्राच्या चापात चिरडली बिचाऱ्याची बोटं. अशा वेळी मी साहेबांपुढे आंबलेलं मडकं धरू?

पार्बताबाई : मडकं नोका दाखवू. हत्यारं उकळा.

चिंतामण : बाकीच्या हत्यारांच्या मुठी हस्तिदंती आहेत. तडकल्या तर नोकरी जाईल माझी.

पार्बताबाई : माह्यं नाव सांगजा. म्हणा, तिवशाची म्हातारी आली, आयकेच ना.

चिंतामण : नाही. करायचंच तर चूल मी पेटवीन, आणि विचारलं तर मीच केलं म्हणून सांगेन. तुम्ही पाणी आणा. भरपूर आणा.

(अकराव्या दिवशी, दवाखान्याच्या ओसरीवर.)

शेषराव : मावशी, हे पाहा. बोटं गेली, पन हात वाचला. पू नाई, ताप नाई.

पार्बताबाई : ठणकते का?

शेषराव : जराजरासा. साहेब म्हणे, इतकी कोरडी जखम म्या पाह्यलीच नाई.

चिंतामण : ते नंतर. आधी दोन तडकलेल्या मुठी पाहून काय संतापले होते! हा हात बघितला आणि मुठींचा विषय सोडला. आता हत्यारांच्या प्रत्येक गुंडाळीवर तिथी लिहून ठेवतो. तीन दिवस झाले की वापरली नसली तरी पुन्हा उकळतो.

पार्बताबाई : अन् पेज?

चिंतामण : दर तीन दिवसांनी लावतो. साहेब हसतात, पण वास घ्यायला येतात.

शेषराव : मावशी, तुमाले हे सुचलं कसं?

पार्बताबाई : सुचलं नाई रे बापू. गेल्या साली माह्या हातून एक लेकरू गेलं. पातं उकळेल होतं, पन त्याले महिना झाला होता. म्या म्हटलं, एकदा उकळलं ना, मंग झालं. त्याच पात्यानं नाळ कापली. आठव्या दिवशी जबडा आवळला. दूध घेईना.

शेषराव : कोनाचं होतं?

पार्बताबाई : माह्या लेकीचं.

चिंतामण : नाव काय होतं?

पार्बताबाई : बारसं चार दिवसांवर होतं.