ड्रमशेजारची जागा

...आणि वर मलाच म्हणतात, जरा मोठ्या मनानं घ्या! तुम्हाला सांगतो, मन मोठंच आहे हो माझं, पण कान नाजूक आहेत. घड्याळं दुरुस्त करतो मी. दिवसभर बारीक टिकटिक कानाला लावून बसायचं, हाच धंदा. रविवारी चर्चमध्ये जरा निवांत बसावं, तर समोर काय? ड्रम! जुना ऑर्गन गेला कोपऱ्यात, त्यावर लोकांच्या छत्र्या वाळतायत, आणि ड्रमवर बसलाय कोण, तर आमचा दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात मशीन फिरवून याचं समाधान होत नाही... मी काही बोललो? अजिबात नाही.

बरं, गाणं तरी कसलं? आम्ही जन्मभर जुनी गीतं गायली, लांबलचक, कडव्यावर कडवी, मी खर्जात. आता सगळी मिळून एक ओळ. 'जाणार मी, जाणार मी, प्रभूच्या घरी जाणार मी.' संपलं म्हणून पुस्तक मिटावं, तर गिटारवाली डोळे मिटून म्हणते, 'आणखी एकदा, मनापासून!' म्हणजे आत्तापर्यंत काय परक्याच्या मनानं म्हणत होतो? अहो, जायचं तर निघा ना! काही पाहुणे असतात बघा, चपला घालून दारात उभे, 'येतो हं, येतो' म्हणत तासभर गप्पा, तसं यांचं स्वर्गात जाणं... पण मी काही बोललो? छे.

आता यात आई कुठून आली ते सांगतो. आमची आई ठार बहिरी. कानाचं यंत्र आणलं, तर 'शिट्ट्या मारतंय मेलं' म्हणून सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलं. ऑर्गन होता तेव्हा उपासनेत छान डुलक्या काढायची. पण घरी आली की एकच घोर. 'अरे, वर एकेकाचं नाव पुकारतील ना? तुझे बाबा आत वाट बघत असतील, माझं नाव घेतील, आणि मला ऐकूच येणार नाही. मी आपली बाहेर बसून राहीन रे.' हसू नका. मीपण आधी हसलो होतो, मग तिचे डोळे बघितले. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, 'आजी, तिकडे कान बरे होतात!' आई म्हणाली, 'हो ना, यंदा उकाडा फारच आहे.'

तर मी पाळकसाहेबांच्या मागे लागलो, ड्रम हटवा. ते आपले मऊ आवाजात, 'बघू या हं... प्रार्थना करू या.' म्हटलं, जरूर करा, पण या धडधडाटात ती वर पोचणार कशी? शेवटी कंटाळून म्हणाले, बरं, एक रविवार ड्रमशिवाय. दातांच्या डॉक्टरनं स्वतःच उचलून तो मागच्या खोलीत नेऊन ठेवला, चेहरा असा, जणू त्याचीच दाढ काढलीय. मी काही बोललो? नाही. नुसता हसलो.

आला तो रविवार. छत्र्या हटल्या, ऑर्गन लागला, मी डोळे मिटून मस्त खर्ज लावलाय, सगळं चर्च भरल्या गळ्यानं गातंय... आणि आई उठून उभी! बहिऱ्या माणसाचा आवाज माहितीये ना तुम्हाला? 'अरे, आज गाणं नाही का?'

ऑर्गन थांबला. मी तिला खाली ओढतोय, हातवारे करून सांगतोय, चालू आहे, आई, गाणं चालूच आहे. 'कुठं चालू आहे? बाकाला काहीच कळत नाहीये!'

तेव्हा उलगडा झाला. इतके रविवार ही बाई चपला काढून, तळवे लाकडी जमिनीला टेकून, हात बाकावर ठेवून बसत होती. डुलकी नाही, काही नाही. 'पायातून येतं रे ते वर. किती वर्षांनी गाणं आलं माझ्यापर्यंत! मला वाटलं, चला, आता पुकारलं की कळेल मला. आणि आज बंद केलं... कुणी केलं?'

सगळं चर्च माझ्याकडे बघतंय. उठलो. गेलो मागच्या खोलीत. ड्रमचं एक टोक मी धरलं, दुसरं डॉक्टरनं, आणि मला म्हणतो, 'सावकाश हं, अजिबात दुखणार नाही.'

आता आईची जागा ड्रमला लागून. तिला एकटीला कसं बसवणार? म्हणून तिच्या शेजारी मी. आणि परवा दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, 'घड्याळ चालू आहे की!' मी कानाला लावून सांगतोय, बंद आहे! घरी येऊन आईला खाणाखुणांनी म्हटलं, बघ, आता वर माझं नाव पुकारलं तर मलाच ऐकू येणार नाही. तर माझा हात थोपटून काय म्हणते? 'घोर करू नकोस. मी आधीच आत असेन. तुझी वेळ आली की ड्रम वाजवायला लावीन.'

म्हणजे तिकडेही सुटका नाही... यावर मी काही बोललो? बोललो असेन हो. हल्ली माझं मलाच ऐकू येत नाही.